गाणे आधी, गोष्ट मागून : ज्यूकबॉक्स संगीतिकेतील गीतनिवडीचा इतिहास

१

ज्यूकबॉक्स हे नाणे टाकून गाणे मागवण्याचे यंत्र. मुंबईतील काही इराणी हॉटेलांत ते एके काळी होते आणि त्या पिढीच्या आठवणींत त्याला अजूनही जागा आहे. या यंत्राचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. त्यातून आपल्याला हवे ते गाणे मिळते असे वाटत असले, तरी प्रत्यक्षात कोणीतरी आधीच भरून ठेवलेल्या तबकड्यांपैकीच एक मिळते. निवडीच्या आधी एक निवड झालेली असते आणि ती करणारा माणूस आपल्याला दिसत नाही.

पाश्चात्त्य रंगभूमीवर ज्या संगीतिकेतील गाणी त्या नाटकासाठी रचलेली नसून आधीच लोकांच्या ओठांवर असतात, तिला ‘ज्यूकबॉक्स संगीतिका’ असे नाव पडले आहे. या नावात एक मूल्यविधान दडलेले आहे. इथे नाटककार काही निर्माण करत नाही. तो फक्त बटणे दाबतो, असे ते सुचवते. समीक्षेनेही हा प्रकार बहुधा व्यवसायाच्या सदरात टाकून दिला आहे. वास्तविक, आंतरसंहितात्मकतेचा सिद्धांत मान्य केल्यानंतर ‘आधीची सामग्री वापरली’ हा आक्षेप उरत नाही. ती कशी वापरली, हा प्रश्न उरतो. तेव्हा या प्रकाराकडे निवडीचे शास्त्र म्हणून पाहणे आवश्यक ठरते. शेकडो उपलब्ध गाण्यांतून नेमकी वीस-पंचवीस गाणी कोणत्या तत्त्वाने उचलली जातात?

‘लोकप्रिय असतील ती’ हे उत्तर सहज सुचते, पण ते पुरत नाही. स्वीडिश गायकवृंद ‘अ‍ॅबा’ याच्या गाण्यांवर बेतलेली ‘मामा मिया!’ ही संगीतिका लंडनमध्ये ६ एप्रिल १९९९ रोजी रंगभूमीवर आली. बरोबर पंचवीस वर्षांपूर्वी, ६ एप्रिल १९७४ रोजी, याच वृंदाने ‘वॉटर्लू’ या गाण्यावर युरोव्हिजन स्पर्धा जिंकली होती. ज्या गाण्याने त्यांना जगभर नेले ते गाणे नाटकाच्या कथानकात मात्र नाही. कथा संपल्यावर, नटमंडळी प्रेक्षकांना अभिवादन करतात त्या वेळी ते येते. ‘फर्नांडो’ हे १९७६ चे तितकेच गाजलेले गाणे. त्यालाही कथानकात जागा मिळाली नाही. म्हणजे लोकप्रियता ही केवळ प्रवेशाची अट आहे. प्रत्यक्ष निवड दुसऱ्याच कसोट्यांवर होते.

या कसोट्या कालौघात बदलत गेल्या आहेत. हा बदल समजून घेण्यासाठी गाणे म्हणजे चाल आणि शब्द यांचा संयोग, ही साधी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जुने गाणे नव्या नाटकात आणताना या दोहोंपैकी काय स्थिर राहते आणि काय बदलते, यावर त्या निवडीचा सारा अर्थ अवलंबून असतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, अठराव्या शतकात चाल स्थिर आणि शब्द मोकळे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस शब्द स्थिर झाले आणि गोष्ट मोकळी झाली. या उलटापालटीत या प्रकाराने आपले एक मोठे बळ गमावले, आणि त्याचे कारण कलेच्या अंतर्गत विकासात नसून गाण्याच्या मालकीच्या इतिहासात आहे.

२

जॉन गे याचे ‘द बेगर्स ऑपेरा’ हे नाटक २९ जानेवारी १७२८ रोजी लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स येथील नाट्यगृहात प्रथम झाले. पहिल्याच हंगामात त्याचे ६२ प्रयोग झाले. त्या काळाच्या मानाने ही संख्या असाधारण होती. नाटकात ६९ गाणी आहेत. रस्त्यांवर विकल्या जाणाऱ्या छापील पोवाडेवजा गीतांच्या, गावगाण्यांच्या, नाचांच्या आणि काही नामांकित संगीतकारांच्या चाली गे याने घेतल्या आणि त्यांवर नवे शब्द बसवले. त्यांची सांगीतिक बांधणी योहान क्रिस्तोफ पेपुश याची मानली जाते. छापील नाटकात प्रत्येक गीताच्या डोक्यावर मूळ चालीचे नाव दिलेले आहे. हे नाव केवळ गायकाच्या सोयीसाठी नाही. वाचकाने कोणते जुने गाणे मनात जागे ठेवून नवे शब्द वाचावेत, याची ती सूचना आहे.

गे याच्या निवडीचे तत्त्व दोन-तीन उदाहरणांवरून स्पष्ट होते. हँडेलच्या ‘रिनाल्डो’ (१७११) या ऑपेरात धर्मयुद्धावर निघालेल्या सैन्याची एक संचलनधून आहे. गे याने ती वाटमाऱ्यांच्या टोळीला दिली. दरोड्यावर निघालेले चोर वीरांच्या धुनेवर गातात, तेव्हा चोर मोठे होतात आणि वीर लहान. लंडनच्या उच्चभ्रू समाजाने डोक्यावर घेतलेल्या इटालियन ऑपेराचीही त्याच एका धुनेत टर उडते. ‘लिलिबुलेरो’ ही १६८८ च्या राज्यक्रांतीच्या काळातील राजकीय चाल. तिच्यावर गे याने दरबारी रीतीची आणि स्वार्थापुरत्या मैत्रीची खंत बसवली. ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ या चालीशी विफल प्रेमाच्या आर्त आळवणीची आठवण निगडित होती. ती चाल फाशीच्या कोठडीतील मॅकहीथच्या तोंडी येते, आणि तिच्यावर तो जे गातो त्याचा आशय असा की, कायदा सर्वांना सारखा म्हणतात, पण श्रीमंतांना तो लागू झाला असता तर फासावरची गर्दी वेगळीच दिसली असती.

या निवडीत चाल ही जुन्या शब्दांची वाहक आहे. श्रोत्याच्या कानात एक गाणे चालू असते आणि रंगमंचावर दुसरे. त्या दोहोंमधील अंतरात उपरोध जन्माला येतो. याउसच्या परिभाषेत बोलायचे तर, श्रोत्याचे अपेक्षाक्षितिज चालीने उभे राहते आणि शब्दांनी मोडले जाते. चाल जितकी परिचित, तितका हा भंग तीव्र. म्हणजे गे यालाही लोकप्रिय गाणीच हवी होती, परंतु त्यांच्या लोकप्रियतेचा लाभ उठवण्यासाठी नव्हे. ती लोकप्रियता त्याला साक्षीदार म्हणून उभी करायची होती. हा उपरोध शासनकर्त्यांना झोंबला. त्याच्या पुढील भागावर, ‘पॉली’वर, प्रयोगापूर्वीच बंदी आली आणि १७३७ च्या कायद्याने रंगभूमीवर परवान्याचा अंमल बसला. गाण्यांची निवड हे त्या काळी राजकीय कृत्य होऊ शकत होते, याचा याहून मोठा दाखला नाही.

३

छापील पदाच्या डोक्यावर ‘चाल’ दिलेली पाहण्याची सवय मराठी वाचकाला निराळी लावावी लागत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’पासून (१८८०) मराठी संगीत नाटकाच्या पोथीचे ते एक नित्य अंग आहे. कीर्तनातील साकी-दिंडी, लावणीच्या चाली, कर्नाटकी वळणाची पदे अशा तयार सामग्रीवर किर्लोस्करांची पदरचना उभी राहिली. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’तही (१८९९) चालींचा हा सामाईक साठा दिसतो. पुढे ‘मानापमाना’च्या (१९११) वेळी गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली आणल्या, तर ‘स्वयंवरा’साठी (१९१६) भास्करबुवा बखले यांनी ख्यालगायकीतील चिजा योजल्या आणि खाडिलकरांनी त्यांच्या साच्यात पदे लिहिली. गाणे आधी, पद मागून, हा क्रम आपल्याकडेही होता.

हे साम्य यंत्रणेचे आहे, प्रयोजनाचे नाही. मराठी नाटककार ओळखीची चाल निवडतो ती तिच्यातील भाव नव्या प्रसंगाला अनुकूल व्हावा म्हणून. साकी ऐकताच कीर्तनाच्या श्रवणाला सरावलेला प्रेक्षक निवेदन ऐकण्यास सिद्ध होतो. रागाची चीज ऐकताच त्या रागाचा रसभाव जागा होतो. जुन्या गाण्याची स्मृती इथे नव्या पदाच्या पाठीशी उभी राहते. गे याच्याकडे ती नव्या शब्दांच्या समोर उभी ठाकते. भरताने ध्रुवागीतांचे प्रावेशिकी, नैष्क्रामिकी, आक्षेपिकी, प्रासादिकी आणि अंतरा असे पाच प्रकार सांगितले, ते गीताच्या कार्यावरून. गीत कोठून आले हा प्रश्न त्या व्यवस्थेत महत्त्वाचा नाही. ते प्रसंगात काय करते, हा आहे. मराठी संगीत नाटकाची चालनिवड याच दृष्टीची वारसदार आहे. म्हणून ‘उसन्या चालींचे नाटक’ हा त्याच्यावरचा आक्षेप जितका वरवरचा, तितकाच त्याला सरसकट ‘आंतरसंहितात्मक’ ठरवणेही वरवरचे होईल. एकाच तंत्राने अनुकूलताही साधता येते आणि प्रतिकूलताही, एवढे मात्र या तुलनेतून सिद्ध होते.

लंडन काय किंवा पुणे काय, दोन्ही ठिकाणी चाल स्थिर होती आणि शब्द मोकळे होते. चाल सर्वांची होती. ती बदलायची, तिच्यावर काय बसवायचे, हे कोणाला विचारावे लागत नव्हते. पुढे जे बदलले ते हेच.

४

इंग्लंडमध्ये १७१० चा ‘अ‍ॅन राणीचा कायदा’ ग्रंथांना संरक्षण देत होता. छापील संगीत त्यात येते की नाही हे अनिश्चित होते. हँडेल १७२८ साली लंडनमध्येच होता. तरी त्याची धून रंगमंचावर वापरण्यास गे याला कायद्याची आडकाठी नव्हती. छापील संगीतालाही तो कायदा लागू होतो असा निर्णय १७७७ साली, योहान क्रिस्तियान बाख याने प्रकाशकाविरुद्ध लढवलेल्या खटल्यात झाला. सार्वजनिक प्रयोगाचा हक्क नाटकांना १८३३ मध्ये आणि संगीतरचनांना १८४२ मध्ये मिळाला. १९१४ साली लंडन आणि न्यूयॉर्क येथे संगीताच्या प्रयोगहक्काची वसुली करणाऱ्या संस्था निघाल्या. उपाहारगृहात किंवा नभोवाणीवर गाणे वाजवण्याचा परवाना अशा संस्थेकडून ठरावीक मोबदल्यात मिळू लागला. गाणे नाट्यकथेत गुंफायचे असेल तर मात्र हा परवाना चालत नाही; गाण्याच्या धन्याशी स्वतंत्र करार करावा लागतो. त्या करारात नकार देण्याचा अधिकारही येतोच.

या तांत्रिक दिसणाऱ्या भेदाचा वाङ्मयीन परिणाम फार मोठा आहे. गाणे आता चाल, शब्द आणि ध्वनिमुद्रित आवाज यांची एकसंध, मालकी असलेली वस्तू झाले. चाल घेऊन शब्द टाकून देण्याची मोकळीक संपली. ध्वनिमुद्रिकेने श्रोत्याच्या स्मृतीतही शब्दांना चालीशी जखडून टाकले होतेच. कायद्याने त्यावर शिक्का मारला. परिणामी निवडीचा प्रश्न उलटा झाला. गे याला विचारावे लागे : या चालीवर काय म्हणता येईल? आता विचारावे लागते : हे शब्द कोणाच्या तोंडी, कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी घालता येतील?

५

या नव्या प्रश्नाला गेल्या सत्तर वर्षांत मुख्यतः चार प्रकारची उत्तरे मिळाली. ती निरनिराळ्या निवडतत्त्वांची निदर्शक आहेत.

पहिले तत्त्व काळाचे. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) हा चित्रपट आहे, परंतु या इतिहासात त्याला टाळता येत नाही. त्याचा निर्माता आर्थर फ्रीड हा स्वतः गीतकार. नेसियो हर्ब ब्राउन याच्यासह त्याने पूर्वी रचलेली गाणी बेटी कॉम्डेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाच्या हाती देण्यात आली आणि त्यांभोवती कथा रचण्यास सांगण्यात आले. शीर्षकगीत १९२९ च्या चित्रपटातील. इतर बरीचशी गाणीही त्याच सुमाराची किंवा त्यानंतरच्या दशकातली. लेखकांनी गाण्यांच्या शब्दांत कथा शोधली नाही. त्यांच्या जन्मकाळात शोधली. मूकपट जाऊन बोलपट येण्याचा तो काळ. गाणी ज्या संक्रमणातून निघाली तेच संक्रमण कथेचा विषय झाले. विजोड वाटणारी गाणी एका ऐतिहासिक चौकटीत सुजोड दिसू लागली, ती यामुळे.

दुसरे तत्त्व संबोधनाचे, आणि ‘मामा मिया!’ हा त्याचा आदर्श नमुना. निर्माती ज्यूडी क्रेमर, लेखिका कॅथरीन जॉन्सन आणि दिग्दर्शिका फिलिडा लॉइड यांच्यापुढे अट अशी होती की गाण्यांचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे राहिले पाहिजेत. गाणी वाचताना असे आढळले की त्यांचे स्थूलमानाने दोन गट पडतात : सुरुवातीच्या वर्षांतील अल्लड, खेळकर गाणी आणि उत्तरकाळातील प्रौढ, विद्ध गाणी. या दोन गटांतूनच दोन पिढ्या निघाल्या. ग्रीक बेटावर राहणारी आई आणि लग्नाच्या उंबरठ्यावरची मुलगी. कथानक हे अशा रीतीने गीतसंग्रहाच्या वर्गीकरणातून जन्मले.

त्याहून बोलकी आहे ती गाण्यांतील ‘मी’ आणि ‘तू’ यांची फेरजुळणी. ‘द नेम ऑफ द गेम’ या गाण्यात मूळची प्रेयसी प्रियकराला त्याच्या मनातील भावनेविषयी विचारते. नाटकात हे गाणे मुलगी सोफी, आपला बाप असू शकेल अशा माणसासमोर गाते. शब्द तेच, पण प्रेमाची चौकशी पितृत्वाची चौकशी होते. ‘डझ युअर मदर नो’ हे मूळ गाणे पुरुषाने वयाने लहान मुलीला उद्देशून म्हटलेले. नाटकात ते प्रौढ स्त्री एका उतावळ्या तरुणाला सुनावते. आईने मुलीला शाळेत जाताना पाहण्याच्या हुरहुरीचे गाणे लग्नाच्या दिवशी येते तेव्हा त्याला संबोधनही बदलावे लागत नाही. केवळ वेळ बदलते. यावरून निवडीची खरी कसोटी हाती लागते. ज्या गाण्यातील ‘तू’ रिकामा आहे ते गाणे कथेत शिरू शकते. ज्या गाण्यातील ‘तू’ विशेषनामाने वा विशिष्ट ठिकाणाने भरलेला आहे ते बाहेर राहते. ‘फर्नांडो’ला नाव आहे, नदी आहे, जुन्या लढाईची आठवण आहे. त्याला ग्रीक बेटावर जागा नाही. २०१८ च्या उत्तरचित्रपटात ते गाणे घ्यायचे ठरले तेव्हा त्यासाठी फर्नांडो नावाचे पात्रच निर्माण करावे लागले. बीटल्सच्या गाण्यांवरील ‘अ‍ॅक्रॉस द युनिव्हर्स’ (२००७) या चित्रपटात पात्रांची नावे ज्यूड, ल्यूसी, प्रूडन्स अशी आहेत, तीही याच गरजेपोटी. विशेषनाम असलेले गाणे नाटककाराला नमवते. सर्वनामाचे गाणे त्याला नमते.

तिसरे तत्त्व दस्तऐवजाचे. बडी हॉली याच्या जीवनावरील ‘बडी’ (१९८९) किंवा ‘फोर सीझन्स’ या वृंदावरील ‘जर्सी बॉइज’ (२००५) यांत गाणे पात्राचे मनोगत म्हणून येत नाही. ते घडलेली घटना म्हणून येते. अमुक साली अमुक मंडळींनी हे गाणे गायले, एवढेच ते सांगते. म्हणून त्याने प्रसंगाशी जुळण्याची गरज नाही. परंतु इथेही निवड निर्दोष नसते. ‘जर्सी बॉइज’मध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेले एक गाणे कथेच्या पूर्वार्धात, साठीच्या दशकाच्या आरंभी येते, कारण त्या गाण्याच्या नावातच डिसेंबर १९६३ हा काळ आहे. गाण्याची रचना कधीची यापेक्षा ते कोणत्या काळाविषयी बोलते, हे प्रमाण मानले गेले. दस्तऐवजाने इथे कथनापुढे माघार घेतली. ‘बडी’चा शेवट मात्र या तत्त्वाचे सामर्थ्य दाखवतो. आनंदाने ओसंडणारी अखेरची मैफल चालू असताना, ३ फेब्रुवारी १९५९ च्या विमान-अपघातात हा तरुण गायक मरणार आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. एक शब्दही न बदलता गाण्याचा अर्थ बदलतो, आणि तो बदलते इतिहासाचे ज्ञान.

या तत्त्वाला मालकीची छाया सर्वांत अधिक जाणवते. ज्याचे चरित्र, त्याचीच गाणी, आणि बहुधा त्याची किंवा त्याच्या वारसांची संमती. ‘जर्सी बॉइज’च्या घडणीत फ्रँकी व्हॅली आणि बॉब गॉडिओ यांचाच सहभाग होता. २००५ साली न्यूयॉर्कमध्ये आलेल्या ‘लेनन’ या संगीतिकेला योको ओनोची मान्यता होती. भर मुख्यत्वे लेननच्या बीटल्सनंतरच्या गाण्यांवर होता. प्रेक्षकाच्या मनातील लेनन आणि रंगमंचावरील लेनन यांत पडलेले हे अंतर भरून निघाले नाही. प्रयोग अल्पकाळातच थांबले. मागे उल्लेखिलेली न दिसणारी निवड अशी कधी कधी उघडी पडते.

चौथे तत्त्व विलगतेचे. कॉनर मॅकफर्सनच्या ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’मध्ये (२०१७) बॉब डिलनची गाणी आहेत, कथा १९३४ सालच्या मंदीतील, डिलनच्या जन्मगावी, डुलुथमध्ये घडते. डिलनचा जन्म १९४१ चा. म्हणजे गाण्यांचा काळ कथेच्या काळाशी जुळत नाही, आणि गाण्यांचे शब्दही बहुधा प्रसंग पुढे नेत नाहीत. पात्रे कथेतून जणू बाजूला होतात, ध्वनिक्षेपकासमोर येतात आणि गातात. गाणे प्रसंगाचे स्पष्टीकरण करीत नाही. त्याच्या शेजारी उभे राहते. रॉजर्स-हॅमरस्टाइन यांच्या ‘ओक्लाहोमा!’पासून (१९४३) प्रतिष्ठित झालेला ‘गीत प्रसंगातून उमलले पाहिजे’ हा दंडक इथे जाणीवपूर्वक सोडून दिलेला आहे. गाणे आणि गोष्ट यांत अंतर ठेवले की गाण्याला स्वतःचा आवाज परत मिळतो, हे या प्रयोगाने दाखवले.

६

या चार तत्त्वांकडे एकत्र पाहिले असता एक उणीव ठळकपणे जाणवते. यांपैकी कोणत्याही तत्त्वात जुने गाणे नव्या शब्दांच्या विरोधात उभे राहत नाही. काळ, संबोधन, दस्तऐवज, विलगता यांपैकी प्रत्येक तत्त्व गाण्याचा अर्थ वळवू शकते, खोल करू शकते, त्याला दुखरी किनार देऊ शकते. ‘डझ युअर मदर नो’च्या लिंगबदलात मिस्किल उपरोधही आहे. पण वाटमाऱ्यांना वीरांची धून देऊन साऱ्या सत्ताव्यवस्थेवर बोट रोखण्याचे जे काम गे करू शकला, ते या प्रकाराला आता सहसा जमत नाही. गाण्याचा धनी आपले गाणे आपल्याविरुद्ध किंवा आपल्या श्रोत्यांविरुद्ध वापरण्यास संमती कशासाठी देईल?

कायद्यातही या प्रश्नाचे प्रतिबिंब आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली एका गाण्याच्या विडंबनासंबंधी निर्णय देताना, व्यापारी विडंबनही न्याय्य वापर ठरू शकते हे मान्य केले. तथापि त्याच निर्णयात एक भेद केला आहे. मूळ कृतीवरच टीका करणाऱ्या विडंबनाला मूळ कृती उसनी घेण्याचे समर्थन असते. मूळ कृती हाती घेऊन दुसऱ्याच कशावर प्रहार करणाऱ्या उपहासाला ते निराळे शोधावे लागते. ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ची थट्टा करणे हा गे याचा हेतू नव्हता. त्या चालीच्या आर्ततेचा आधार घेऊन त्याला फाशीच्या न्यायाविषयी बोलायचे होते. आजच्या परिभाषेत त्याची पद्धत उपहासाच्या बाजूला पडते, म्हणजे जिथे समर्थन सर्वांत अवघड तिथे.

मग ही पद्धत संपली काय? तिच्या वंशाचा मागोवा घेतला तर उत्तर मराठी रंगभूमीपर्यंत येऊन पोचते. गे याच्या नाटकावरून १९२८ साली बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी ‘तीन पैशांची संगीतिका’ केली. वाइलने संगीत नव्याने रचले. गे याच्या नाटकातील एकच चाल, पहिल्या गीताची, त्याने पीचमच्या सकाळच्या प्रार्थनेसाठी ठेवली. ब्रेख्तवरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली थिएटर अ‍ॅकॅडमीने १९७८ मध्ये ते सादर केले. त्या नाटकात लावणी, नाट्यपद आणि पाश्चात्त्य पॉप या गायनशैली एकमेकींशेजारी येतात. इथे एखादे विशिष्ट गाणे उचललेले नसते. उचललेली असते ती शैली, आणि शैलीवर कोणाची मालकी नसते. प्रेक्षक नाट्यपदाचे वळण ओळखतो, त्याबरोबर येणारी प्रतिष्ठा ओळखतो आणि ते वळण कोणत्या पात्राच्या गळ्यात आहे हे पाहून हसतो. वीरांची धून चोरांना देण्याची १७२८ ची युक्ती अडीचशे वर्षांनी शैलीच्या पातळीवर पुन्हा जिवंत झाली. मराठी संगीत नाटकाने चालींची स्मृती अनुकूलतेसाठी वापरली होती, पु. लं.नी त्याच नाटकाची स्मृती प्रतिकूलतेसाठी वापरली. हे शक्य झाले, कारण त्या शैली अजूनही सर्वांच्या होत्या.

ज्यूकबॉक्स संगीतिकेला स्मरणरंजनाचा धंदा म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण त्यामुळे तिच्याविषयीचा खरा प्रश्न झाकला जातो. स्मृती ही तिची सामग्री आहे, आणि स्मृती ‘बेगर्स ऑपेरा’चीही सामग्री होती. दोहोंतील अंतर लेखकांच्या प्रतिभेचे असेल. परंतु त्याहून अधिक ते त्या स्मृतीवरील हक्काचे आहे. समूहाने गुणगुणून आपलेसे केलेले गाणे समूहाच्या बाजूने बोलण्यासाठी वापरता येते की नाही, हा प्रश्न संगीताचा जितका, तितकाच साहित्याचा. संहिता कोणत्या संहितांतून घडते हे सांगणारा सिद्धांत आपल्याकडे आता रुळला आहे. कोणत्या संहितांतून घडण्याची तिला मुभा होती, हेही सांगण्याची जबाबदारी त्याने आता घ्यावयास हवी. तसे झाले तर गाण्यांच्या यादीकडे पाहताना निवडलेल्या गाण्यांइतकीच वगळलेली, नाकारलेली आणि मागताच न आलेली गाणीही आपल्याला ऐकू येऊ लागतील.